पंच क्रमांक एक

जबाब

दिनांक : २४/०६/२०२५, मंगळवार. सुरू केल्याची वेळ दुपारी १२.४०
ठिकाण : गोदाई नगर पोलीस ठाणे, छत्रपती संभाजीनगर, खोली क्रमांक ३
नाव : मल्हारी खंडेराव तागड
वय : २४ वर्षे
शिक्षण : बारावी पास, कला शाखा
धंदा : काही नाही
राहणार : गल्ली नंबर ५, पिठाच्या गिरणीजवळ, मुकुंदवाडी. मूळ राहणार तालुका सोयगाव
मोबाईल : आहे. बॅलन्स नाही.

मी वरील ठिकाणी माझ्या पायानं, कोणी न बोलावता हजर होऊन सांगतो ते असं की,

धंद्याच्या रकान्यात जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी आधी ‘मजुरी’ लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. मजुरी करणाऱ्याला राग येईल. तीन वर्षांपूर्वी मी पोलीस भरतीची तयारी करायला गावाहून शहरात आलो. पहिल्या वर्षी सोळाशे मीटरला मागं पडलो, दुसऱ्या वर्षी फॉर्म भरायचा राहून गेला, तिसऱ्या वर्षी भरतीचं नाव काढलं नाही. तेव्हापासून लग्नसराईत केटररकडं वाढप्या म्हणून जातो, कधी नाक्यावर उभा राहतो, बाकी वेळ झोपतो. वडील खंडेराव तागड यांची गावी मेंढरं आहेत. त्यांना मी वाळूजला कंपनीत आहे असं सांगितलेलं होतं. त्यांचा फोन आला की मी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसमोर जाऊन उचलायचो, म्हणजे मागं मशीनचा आवाज यायचा.

मी ज्या खोलीत राहतो ती दहा बाय आठची आहे. माझ्याबरोबर सत्यम कारभारी ठोंबरे, वय २५, राहणार लासूर स्टेशन, हा राहत होता. सत्यम पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. खोलीचं भाडं तो द्यायचा. मी खोली झाडायची असं ठरलं होतं. तेही मी आठवड्यातून एकदा करायचो. सत्यम मला कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला, ‘‘मल्हाऱ्या, तू मेलास तरी उठून सांगायचा कंटाळा करशील.’’ हे मॅडमनी विचारलेलं नाही, तरी लिहावं.

आता मी पंच कसा झालो ते सांगतो. या ठाण्यासमोर पुंडलिक यांची चहाची टपरी आहे. तिथं बाकावर बसलं की कोणी उठवत नाही, म्हणून मी रोज तिथं बसतो. या ठाण्यातले हवालदार कडूबा, ज्यांना सगळे कडूबा जमादार म्हणतात, त्यांनी मागच्या वर्षी उन्हाळ्यात मला हाक मारली. पोलिसांनी कुठली वस्तू जप्त केली की दोन बाहेरचे लोक समोर लागतात. ते बघतात आणि कागदावर सही करतात. त्या माणसांना पंच म्हणतात आणि त्या कागदाला पंचनामा. जमादारांना लोक मिळत नव्हते. कोर्टाच्या चकरा नको म्हणून सगळे पळतात. मला कुठंही पळायचं नव्हतं. मी पंच क्रमांक एक झालो आणि टपरीवाले पुंडलिक पंच क्रमांक दोन. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तेवीस पंचनाम्यांवर सह्या केल्या. त्यातले चार मी स्वतः जागेवर जाऊन बघितले. बाकीचे एकोणीस टपरीवर.

मॅडमनी विचारलं, न वाचता सही का केली. मला वाचता येतं. बारावीला एकसष्ट टक्के आहेत. जमादार चहा-पोहे सांगायचे, कागद समोर ठेवायचे, बोट ठेवून दाखवायचे, ‘‘हाण इथं.’’ वाचत बसलो तर जमादारांवर विश्वास नाही असं दिसलं असतं. हे मी आधी मॅडमना सांगितलं. मग मॅडम नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा खरं सांगितलं की कंटाळा. दुसरं कारण नाही.

कडूबा जमादारांबद्दल मला हेही सांगायचं आहे की ते माणूस म्हणून वाईट नाहीत. जानेवारीत मला ताप आला तेव्हा त्यांनी मला त्यांच्या गाडीवर घाटी दवाखान्यात नेलं आणि केसपेपरच्या लाइनीत स्वतः उभे राहिले. पळायचे बूटही त्यांनीच दिले होते, त्यांच्या मुलाचे. ते मला ‘पंच साहेब’ म्हणायचे. शहरात मला साहेब म्हणणारा दुसरा कोणी नाही. म्हणून हा जबाब द्यायला मला आठ दिवस लागले.

आता गुन्ह्याबद्दल. दिनांक ०८/०४/२०२५, मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुदर्शन नावाच्या माणसाच्या डोक्यात मागून कोणीतरी लोखंडी वस्तू घातली. आमच्याकडं नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळं सगळी गल्ली टँकरवर. आदल्या संध्याकाळी टँकर आधी कोणाच्या दारात लावायचा यावरून सुदर्शन आणि सत्यम यांची जोरात बाचाबाची झाली होती. ती मी ऐकली आहे. सत्यम म्हणाला होता, ‘‘तुझं डोकं ठिकाणावर आणावं लागंल.’’ हे तो म्हणाला, ते मी लपवत नाही. सुदर्शन वाचला, पण मारणाऱ्याला त्यानं पाहिलं नाही. त्याच्या भावानं सत्यमचं नाव दिलं. सत्यमला त्याच दिवशी दुपारी टँकरवरून उतरवून नेलं. गुन्हा जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा आहे.

मॅडमनी विचारलं की ०८ तारखेला सकाळी सहा वाजता सत्यम खोलीत होता का. मला माहीत नाही. मी झोपलेलो होतो. मी दहाच्या आत उठत नाही. सत्यमच्या आई दगडाबाई यांनी मला दोनदा हात जोडून सांगितलं, ‘‘तुह्याजवळच झोपला व्हता म्हण ना बाबा, तुहं काय जातंय.’’ माझं काही जात नव्हतं. पण मी ते म्हणणार नाही. न बघितलेलं बघितलं म्हणून सांगायची सवय मला लागली होती, तिच्यामुळंच आज इथं बसलोय.

(या वेळी १.१५ वाजता कडूबा जमादार दारात आले आणि ‘‘मॅडम, चहा सांगू का?’’ म्हणाले. मॅडमनी नको म्हणून सांगितलं. ते माझ्याकडं बघून हसले आणि गेले. हे लिहून घ्या असं मी म्हणालो, म्हणून लिहिलं आहे. मॅडमनी मला विचारलं की भीती वाटते का. वाटते. दार लावू का असं विचारलं. नको म्हणालो. दार उघडं राहू द्या, बाहेर बाकावर दगडाबाई बसल्या आहेत.)

दिनांक ०९/०४/२०२५, बुधवारी, म्हणजे सत्यमला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी सकाळी खोलीतच होतो. दाराला आतून कडी होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी वडिलांचा फोन आला. मी जागा होतो. गिरणीपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून उचलला नाही. तो मिस कॉल माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे, मॅडमना दाखवला. त्यानंतर साडेबारापर्यंत मी लोळत होतो. या वेळात खोलीत कोणी आलं नाही. दहा बाय आठच्या खोलीत कोणी आलं असतं तर माझ्या अंगावर पाय देऊनच आलं असतं.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी टपरीवर होतो. कडूबा जमादार हातात कागद घेऊन आले. म्हणाले, ‘‘काय पंच साहेब, उठले का? हाणा सह्या.’’ चार पानं होती. वारं सुटलं होतं, पानं उडत होती, म्हणून मी माझा चहाचा ग्लास तिसऱ्या पानावर ठेवला. चारही पानांवर सह्या केल्या. पुंडलिक यांनी हात पुसून केल्या. सह्या करून झाल्यावर मी जमादारांना विचारलं, ‘‘जमादार, सत्यमचं काय झालं? सुटंल का?’’ जमादारांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, ‘‘बघू. तू पोहे खा.’’

मी पोहे खाल्ले.

सत्यमला हर्सूल जेलमध्ये ठेवलं. त्याच्या आई दगडाबाई दर मंगळवारी लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं मुकुंदवाडीला उतरतात, तिथून मुलाखतीला जातात. त्या डबा आणायच्या. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, कधी शेपूची भाजी. जेलात घरचा डबा आत घेत नाहीत. हे त्यांना पहिल्या मंगळवारी कळलं. तरी त्या दर मंगळवारी आणायच्या आणि परत जाताना मला द्यायच्या. म्हणायच्या, ‘‘त्याच्या तोंडात नाय पडला तर नाय, त्याच्या दोस्ताच्या पोटात तर जाईल.’’ असे मी नऊ डबे खाल्ले. चव चांगली होती.

दिनांक १७/०६/२०२५, मंगळवारी दुपारी दगडाबाई खोलीवर आल्या. त्यांच्याकडं पिशवीत कागदांचा गठ्ठा होता. केस कोर्टात दाखल झाली होती आणि वकिलांनी कागदांची झेरॉक्स दिली होती. दगडाबाईंना वाचता येत नाही. त्या उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘वाच बाबा. माह्या पोराला कशापायी धरलं, ते काय लिव्हलंय ते वाच.’’ मी कंटाळा केला नाही. डब्याची लाज होती. वाचायला लागलो.

त्यात एक पंचनामा होता. त्यात असं लिहिलं होतं की दिनांक ०९/०४/२०२५ रोजी सकाळी ११.३० वाजता आरोपी सत्यम याने आपण होऊन पोलिसांना आणि पंचांना आपल्या खोलीवर नेलं आणि ‘खोलीतील उत्तर बाजूच्या लोखंडी कॉटखालून’ एक लोखंडी टामी काढून दिली. टामी म्हणजे गज, शटर उचकटायला वापरतात तो. मी ते मोठ्यानं वाचलं आणि थांबलो. दगडाबाईंनी खोलीत चौफेर बघितलं. म्हणाल्या, ‘‘कंची कॉट?’’

आमच्या खोलीत कॉट नाही. कधीच नव्हती. आम्ही खाली सतरंजीवर झोपायचो. घरमालकाला विचारावं. खोलीत कॉट घातली तर दार उघडत नाही.

मी पान उलटलं. तिसऱ्या पानावर झेरॉक्समध्ये एक काळा गोल उठला होता, ग्लासाच्या बुडाएवढा. सही बघायची गरज नव्हती, तरी बघितली. माझीच होती. ‘मल्हारी’मधला ‘ल्हा’ मी नेहमी घाईत चुकीचा काढतो, तसाच होता.

दगडाबाईंनी विचारलं, ‘‘अन् पंच पंच म्हणतेत ते कोण? ज्याईनं बघितलं म्हणतेत, त्याईचं नाव काय? मी जाते त्याईच्या दारात. पाया पडते. इचारते, खरंच बघितलं का रं बाबा.’’

मी म्हणालो, ‘‘मावशी, झेरॉक्स पुसट आहे. नाव दिसंना.’’

त्या म्हणाल्या, ‘‘बरं.’’ आणि डबा काढून माझ्यासमोर ठेवला. तो मी खाल्ला नाही. पोट बिघडलंय म्हणालो. त्यांनी जाताना ओव्याची पुडी दिली.

आता टामीबद्दल. पंचनाम्यात टामीचं वर्णन आहे. अंदाजे अडीच फूट लांब, एका टोकाला नट वेल्ड केलेला, त्या टोकाजवळ हिरव्या ऑइल पेंटचे डाग. हे वर्णन वाचून मला दुसरी गोष्ट आठवली आणि ती मी शपथेवर सांगायला तयार आहे. मागच्या वर्षी डिसेंबर महिन्यात भंगाराच्या एका गोडाऊनचं शटर फोडल्याचा गुन्हा झाला होता. त्या वेळी मी पंच म्हणून खरंच जागेवर गेलो होतो. तिथं एक टामी मिळाली. शटरला हिरवा रंग होता, तोच टामीला लागलेला होता. ठाण्यात येताना जमादार गाडी चालवत होते आणि मी मागं टामी मांडीवर आडवी धरून बसलो होतो. रेल्वे फाटकाजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि टामीच्या टोकाचा नट माझ्या जीन्समध्ये घुसला. उजव्या गुडघ्यावर जीन्स फाटली. जमादार हसले होते, ‘‘पंच साहेब जखमी.’’ मी स्वतः ती टामी मुद्देमाल खोलीत, दारामागं उभी केली. नट वरच्या बाजूला होता. त्या पंचनाम्यावरही पंच क्रमांक एक मीच आहे.

माझ्या वडिलांना दुसऱ्याच्या कळपात गेलेलं आपलं कोकरू लांबून ओळखू येतं. मला बाकी काही येत नाही, पण ती टामी मला ओळखू येते. कोर्टात जमा आहे ती टामी मला दाखवावी. नटाच्या एका कडेला वेल्डिंगचा फुगवटा आहे, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. तो मी न बघता सांगतो आहे. तसंच डिसेंबरच्या गुन्ह्यातली टामी मुद्देमाल खोलीत आहे का ते बघावं, रजिस्टर बघावं. ती तिथं असली तर मी खोटा. नसली तर ती दोनदा जप्त झाली आहे, आणि दोन्ही वेळा साक्षीला मी आहे.

टामी तिथून कोणी काढली, कशी काढली, ते मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

जीन्स आता माझ्या अंगावर आहे. मॅडमनी गुडघ्यावरची फाटलेली जागा बघितली. ती जप्त करायची तर करावी, माझी हरकत नाही. मात्र दुसरी पँट नाही, ती आधी कोणीतरी द्यावी. आणि जप्तीचे पंच टपरीवरून आणू नयेत.

दिनांक २२/०६/२०२५, रविवारी दुपारी मी कडूबा जमादारांना टपरीमागं गाठलं. म्हणालो, ‘‘जमादार, खोलीत कॉट नाय.’’ त्यांना लगेच कळलं. ते आधी नीट बोलले. म्हणाले, ‘‘मल्हाऱ्या, बाचाबाची झाली, धमकी दिली, सगळ्या गल्लीनं ऐकली. त्यानंच मारलं, हे तुलाबी माहितीय. फक्त हत्यार घावत नव्हतं. वरून फोनावर फोन.’’ मी म्हणालो, मला माहीत नाही त्यानं मारलं का. ते म्हणाले, ‘‘मग तुझ्या बाकीच्या सह्यांचं काय? तू म्हणलास एक खोटी, की वकील सगळ्याच उकरतील. तेवीस केसा हैत. त्यातले खरे चोर सुटले तर लोक तुझी आरती करतील का? अन् पहिला आत कोण जाईल? सही कुणाची?’’

ते बरोबर बोलत होते. त्या तेवीसमध्ये खरे चोरही असतील. ते माझ्यामुळं सुटतील. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि रविवारपासून मला झोप नाही. मला झोप नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं आहे.

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. ‘‘तुझ्या बापाला लावू का फोन सोयगावला? पोरगं कंपनीत नाय, आमच्या टपरीवर पोहे खाऊन जगतंय म्हणून?’’ हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी टपरीवरचा रिकामा ग्लास जमिनीवर आपटला. पुंडलिक यांनी मला धरलं. ग्लास फुटला. बाकी काही झालं नाही. अंगावर हात मी टाकलेला नाही, त्यांनीही टाकलेला नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, ‘‘घाटीत लाइनीत उभा राहिलो व्हतो रं तुझ्यासाठी.’’

काल, सोमवारी, मी मोबाईलमध्ये मित्राकडून बॅलन्स टाकून घेतला आणि वडिलांना स्वतः फोन लावला. गिरणीपासून लांब, रेल्वे पुलावर उभं राहून. सांगितलं की मी कंपनीत नाही, कधीच नव्हतो, आणि आता पोलीस केसमध्ये अडकेन. मागं मेंढरं ओरडत होती. वडील म्हणाले, ‘‘कंपनीत नाय ते ठावं हाय मला. गिरणीचा पट्टा मला वळखू येत नाय व्हय? तीन वर्सं झाले, दळणच ऐकतोय.’’ मी म्हणालो, मग बोलला का नाहीत. म्हणाले, ‘‘तू सांगशील म्हणून थांबलो.’’ केसचं सविस्तर सांगायच्या आधी बॅलन्स संपला.

त्यामुळं आता मला कोणाच्या फोनची धमकी नाही.

मॅडमनी मला समजावून सांगितलं की खोट्या पंचनाम्यावर सही करणं हा माझाही गुन्हा आहे, या जबाबावरून माझ्यावर कारवाई होऊ शकते, आणि मी पाहिजे तर आता थांबू शकतो. (या वेळी २.२० वाजता कडूबा जमादार पुन्हा दारातून गेले. या वेळी थांबले नाहीत आणि हसले नाहीत.) मी थांबत नाही. कारवाई करावी. सत्यमच्या जामिनाची तारीख येत्या शुक्रवारी, दिनांक २७/०६/२०२५ रोजी आहे. वकील म्हणाले की हत्यार त्याच्या खोलीत मिळालं असं कागद सांगतो तोवर जामीन अवघड आहे. हा जबाब शुक्रवारच्या आत कोर्टापर्यंत जावा, एवढीच माझी विनंती आहे.

सत्यमनं मारलं नाही असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. त्यानं टामी काढून दिली नाही, पोलीस खोलीत आले नाहीत, मी काही बघितलं नाही आणि खोलीत कॉट नाही, एवढं मला माहीत आहे. सत्यम माझा दोस्त आहे, आणि त्याला आत ठेवणारी सही माझी आहे. मला फार वाईट वाटतं. वाईट वाटतं हे जबाबात लिहितात की नाही माहीत नाही, लिहिता येत असेल तर लिहावं.

जबाब इथं संपला तेव्हा ३.०५ झाले होते. मॅडम म्हणाल्या, ‘‘थांब, वाचून दाखवते.’’ मी म्हणालो, ‘‘नको मॅडम. द्या इकडं, मी वाचतो.’’ मॅडम म्हणाल्या, वाच. मी विचारलं, मोठ्यानं वाचलं तर चालेल का. त्यांनी बाहेर बाकाकडं बघितलं आणि चालेल म्हणाल्या. यापुढच्या ओळी वाचन झाल्यावर माझ्या सांगण्यावरून मॅडमनी जोडल्या आहेत.

दगडाबाईंना मी आज सकाळी मुकुंदवाडी स्टेशनवरून इथं आणलं. मुलाखतीआधी एक कागद करायचा आहे, एवढंच सांगितलं होतं. जबाब चालला होता तेव्हा मी हळू बोलत होतो, त्यांना बाहेर ऐकू गेलं नाही. डबा त्यांच्या मांडीवर होता. मी सुरुवातीपासून वाचायला लागलो. माझं नाव वाचलं, धंदा काही नाही वाचलं. मी पंच क्रमांक एक झालो, ही ओळ आली तिथं मी थांबलो.

बाहेरून दगडाबाई म्हणाल्या, ‘‘तू व्हय?’’

मी म्हणालो, ‘‘व्हय, मावशी.’’

मी दाराकडं बघितलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, मॅडमनी घड्याळ बघितलं नाही. मग दगडाबाई म्हणाल्या, ‘‘थांबलास कशाला? पुढं वाच.’’

मी पुढं वाचलं. डब्यांचं वाचलं, ओव्याच्या पुडीचं वाचलं, पुसट झेरॉक्सचं वाचलं. एकही ओळ गाळली नाही. वाचताना एक चूक सापडली. रविवारची तारीख २१ पडली होती, ती २२ करून घेतली आणि बाजूला सही केली. सगळं वाचायला पस्तीस मिनिटं लागली. तोवर दगडाबाईंची मुलाखतीची वेळ निघून गेली होती, तरी त्या उठल्या नाहीत.

हा जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे. तो मी माझ्या डोळ्यांनी आणि माझ्या तोंडानं, जोडलेल्या ओळींसकट, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आधी वाचला, मग सही केली.

मल्हारी खंडेराव तागड
(सही)